दुसऱ्याची मदत आणि आपला हिशेब
(मुक्तिदिनानिमित्त मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि आजवर दुसऱ्यांच्या जमाखर्चात डोके घालत आलो. त्यामुळे माझे बोलणेही थोडे खतावणीसारखे होईल, ते सांभाळून घ्या. मघाशी दारातच एका काकांनी मला अडवले आणि विचारले, "अरे, मुक्तिदिनाला अमेरिकेचे काय काढलेस? आपल्या वाकणकरांवर, काजरेकरांवर बोल की." काका, त्यांच्यावरही बोलणार आहे. पण आधी अमेरिकेला जाऊन यायला लागेल. कारण ज्या १७८३ साली अमेरिका स्वतंत्र म्हणून मान्य झाली, त्याच १७८३ साली आपली नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली. आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वाटतात तितक्या लांबच्या नाहीत.

दर वर्षी दोन ऑगस्टला आपल्यात एक वाद होतो. कार्यक्रम संपतो, चहा येतो आणि वाद सुरू होतो. सिल्वासा सोडवले कोणी? पुण्याहून आलेल्यांनी, गोव्याच्या आझाद गोमांतक दलाने, मुंबई राज्याच्या पोलिसांनी, की इथल्याच लोकांनी? आवाज चढतात, जुनी नावे निघतात. मी लहानपणापासून हा वाद ऐकत आलो आहे. मला वाटते, आपण प्रश्नच थोडा चुकीचा विचारतो. कोणत्याही मुक्तीत बाहेरची मदत असतेच. ती कोणत्या रूपात आली, निर्णायक घाव कोणता होता आणि शेवटी तिची रक्कम कोणाच्या खात्यावर नावे पडली, हे पाहायला हवे. अमेरिकेच्या बाबतीत हे सगळे कागदोपत्री नोंदलेले आहे, म्हणून तिकडून सुरुवात करतो.

१७७५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या तेव्हा त्यांच्याकडे माणसे होती, राग होता, पण बंदुकीची दारू नव्हती. ती बनवायचे कारखाने जवळजवळ नव्हतेच. पहिल्या दोन-अडीच वर्षांत लढाईला लागलेली बहुतेक दारू बाहेरून आली, आणि त्यातली बरीचशी फ्रान्सकडून. फ्रान्स तेव्हा इंग्लंडशी युद्धात नव्हता. सप्तवार्षिक युद्धात १७६३ मध्ये त्याने चांगलाच मार खाल्ला होता. बदला घ्यायचा होता, पण उघडपणे नाही. मग परराष्ट्रमंत्री व्हर्जेन याने एक युक्ती केली. १७७६ मध्ये 'रॉद्रिग ओर्तालेझ आणि कंपनी' नावाची एक व्यापारी पेढी निघाली. चालवणारा होता बोमार्शे, म्हणजे 'फिगारो'ची नाटके लिहिणारा नाटककार. भांडवल म्हणून फ्रान्सच्या राजाने दहा लाख लिव्र दिले आणि स्पेनच्या राजाने तेवढेच. पेढी कागदावर तंबाखू, तांदूळ यांचा व्यापार करायची. प्रत्यक्षात फ्रेंच शस्त्रागारातल्या तोफा, बंदुका, तंबू, गणवेश बोटीत भरून अमेरिकेला जायचे.

आमच्या धंद्यात याला बेनामी खाते म्हणतात. फरक एवढाच की हे खाते खुद्द राजाने उघडले होते, त्यामुळे तपासणी करणारा कोणी नव्हता. गंमत म्हणजे पुढे याच खात्यावर भांडण झाले. अमेरिकन काँग्रेस म्हणाली, ही भेट होती. बोमार्शे म्हणाला, हा माल उधारीवर दिला होता. बिचारा पैशाची वाट पाहत १७९९ मध्ये मेला. त्याच्या वारसांना काही रक्कम मिळाली ती १८३५ मध्ये.

ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे इंग्रजांची एक अख्खी फौज अमेरिकनांना शरण आली. तेव्हा कुठे फ्रान्सला वाटले की आता यांच्यावर पैसे लावायला हरकत नाही. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी उघड तह झाला. १७७९ मध्ये स्पेनही युद्धात उतरला, पण त्याने अमेरिकेशी तह केला नाही, फ्रान्सशी केला. त्याला जिब्राल्टर हवे होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे त्याला फार प्रेम नव्हते, कारण स्वतःच्या वसाहती तिथे शेजारीच होत्या. डच सावकारांनी १७८२ मध्ये पन्नास लाख गिल्डरचे कर्ज दिले. व्यक्तिशः आलेले स्वयंसेवकही होते. लाफायेत १७७७ मध्ये स्वखर्चाने जहाज घेऊन आला, तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. पोलंडचा कोश्चुश्को आला. प्रशियाच्या श्टॉयबेनने त्या अर्धपोटी शेतकऱ्यांना कवायत शिकवली.

पण युद्ध संपवले ते वेगळ्याच गोष्टीने. १७८१ साली इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस आपल्या फौजेसह व्हर्जिनियात यॉर्कटाउन या गावी समुद्रकिनाऱ्याला तळ देऊन बसला होता. त्याचा भरवसा समुद्रावर होता. गरज पडली की न्यूयॉर्कहून आरमार येईल, रसद येईल, कुमक येईल, नाहीतर आपल्याला उचलून तरी नेईल. फ्रेंच दर्यासारंग द ग्रास वेस्ट इंडिजमधून आरमार घेऊन निघाला. वाटेत क्यूबातल्या हवानाहून पाच लाख पेसो गोळा करून आणले गेले, कारण सैनिकांचा पगार द्यायला पैसे नव्हते. ५ सप्टेंबरला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची गाठ पडली. लढाई तशी बरोबरीची. पण इंग्रज आरमार मागे गेले आणि उपसागराचे दार फ्रेंचांच्या हातात राहिले. जमिनीवरून वॉशिंग्टन आणि रोशांबो यांनी वेढा दिला. वेढ्यात फ्रेंच सैनिक जवळजवळ अमेरिकनांइतकेच होते, आणि समुद्रावर तर सगळेच फ्रेंच. १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिस शरण आला.

म्हणजे निर्णायक मदत तोफांची नव्हती आणि माणसांचीही नव्हती. शत्रूचा येण्याजाण्याचा रस्ता बंद झाला, ही होती. हे जरा लक्षात ठेवा, कारण हाच प्रकार आपल्याकडे वापीच्या रस्त्यावर झाला.

आता आपण आपल्या बाजूला येऊ. हे सगळे चालू असताना पुण्यात काय चालले होते? रघुनाथराव इंग्रजांकडे पळून गेले होते आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह करून बसले होते. पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचे युद्ध जुंपले. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यात आला. फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवत होता. त्याला चौलचे बंदर हवे होते. नाना फडणीसांनी त्याचे यथास्थित स्वागत केले, आणि ते सगळ्यांना दिसेल असे केले. तो माणूस किती पाण्यात आहे हे नानांसारख्याला कळले नसेल असे मला वाटत नाही. पण इंग्रजांना घाबरवायला तो पुरेसा होता. कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जची झोप उडाली. अमेरिकेत ज्या फ्रान्सने हात घातला तोच पुण्यातही घालतो की काय, या भीतीने त्याने १७७८ मध्ये कालपीहून एक फौज थेट हिंदुस्थान ओलांडून मुंबईकडे पाठवली. तिकडे मुंबईकरांनी घाई केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला नामुष्की पत्करली. पुढे नानांनी निजाम, हैदर, भोसले यांना बरोबर घेऊन इंग्रजांविरुद्ध जी आघाडी उभी केली ती ऐन अमेरिकन युद्धाच्या काळात. इंग्रजांना एकाच वेळी दोन खंडांत लढावे लागत होते. अमेरिकनांनाही हे ठाऊक होते. पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचे नाव 'हायडर ॲली' होते, म्हणजे आपला हैदरअली. एप्रिल १७८२ मध्ये डेलावेअरच्या खाडीत त्या जहाजाने 'जनरल मंक' हे इंग्रजी जहाज पकडले. फिलाडेल्फियाच्या लोकांना म्हैसूर कुठे आहे हे नकाशावर सापडले नसते, पण इंग्रजांचा शत्रू म्हणून हैदरचे नाव तिथवर पोचले होते.

याच धामधुमीत, १७७९ मध्ये, पेशव्यांनी पोर्तुगिजांशी मैत्रीचा तह केला. पाठीमागे इंग्रज असताना किनाऱ्यावर आणखी एक शत्रू परवडणारा नव्हता. शिवाय एक जुने देणे होते. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे 'सांताना' नावाचे जहाज धरून नुकसान केले होते, त्याची भरपाई. तहाच्या सतराव्या कलमात ठरले की दमणच्या बाजूला वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना लावून द्यायची. त्याप्रमाणे १० जून १७८३ रोजी नगर हवेली परगण्याची ७२ गावे दिली गेली. १७८५ मध्ये दादराही गेले.

तारीख पाहा. त्याच जून १७८३ मध्ये मद्रासच्या खाली कडलूर येथे इंग्रज आणि फ्रेंच लढत होते. समुद्रावर सुफ्रां, जमिनीवर वेढा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली ती शेवटची लढाई समजली जाते. महिनाअखेरीस युरोपातून बातमी आली की तह ठरून काही महिने झाले आहेत, थांबा. ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी हे युद्ध पेटले त्यांच्यापासून हजारो कोस दूर लोक मरत होते, आणि त्याच महिन्यात खानवेल, नरोली, रांधा इकडचे वारली, कोकणा, धोडिया एका सरकारातून दुसऱ्या सरकारात वर्ग झाले. त्यांना कोणी विचारले नव्हते. बारा हजाराच्या उत्पन्नात त्यांची शेते, त्यांचे मोहाचे झाड, त्यांची वेठ सगळे आले.

आपल्यातल्या काहींना हे ऐकायला आवडणार नाही, कारण आपण नानांचे नाव आदराने घेतो. मीही घेतो. पण आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात पोर्तुगिजांनी इथे येऊन अन्याय केला एवढेच सांगितले जाते. ते आले कसे, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. त्यांना आणले पुण्याच्या दरबाराने. आणि त्या मैत्रीचा उपयोग काय झाला? १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज काही मदतीला धावले नाहीत. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. त्यात पेशव्यांनी कबूल केले की दुसऱ्या कोणत्याही युरोपियनांना आपल्या मुलखात वखारी घालू देणार नाही. अपवाद फक्त पोर्तुगिजांच्या जुन्या ठाण्यांचा. फ्रेंच गेले, पोर्तुगीज राहिले. आघाडीतला सोबती हैदर तर अजून लढत होता. त्याच्यावाचून तह ठरला. तो डिसेंबर १७८२ मध्ये वारला आणि त्यानंतर १७८३ च्या सुरुवातीला पुण्याने त्या तहावर शेवटचे शिक्कामोर्तब केले.

यात पुणेकरांना एकट्यालाच दोष द्यायचे कारण नाही. नेमके तेच अमेरिकनांनी केले. फ्रान्सशी झालेल्या तहात स्पष्ट लिहिले होते की एकट्याने समेट करायचा नाही. पण नोव्हेंबर १७८२ मध्ये अमेरिकन वकिलांनी फ्रान्सला न सांगता इंग्लंडशी मसुदा ठरवून टाकला. व्हर्जेन चिडला. तेव्हा फ्रँकलिनने गोड शब्दांत माफी मागितली आणि त्याच बैठकीच्या सुमारास आणखी कर्ज मागितले. ते मिळालेही! इतका वसुली-चतुर कर्जदार मी तरी आजवर काउंटरवर पाहिलेला नाही.

आता १९५४ कडे. ही गोष्ट इथल्या बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २१ आणि २२ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्करेन्हास यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादरा घेतले. त्यात पोलीस अधिकारी अनिसेतो दो रोझारियो मारला गेला. जुलैअखेर नरोली सुटले. २ ऑगस्टला आझाद गोमांतक दल आणि पुण्याचे स्वयंसेवक सिल्वाशात शिरले. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे तुम्हाला माहीत आहेत. फडक्यांनी निधीसाठी लता मंगेशकरांना गळ घातली आणि त्यांनी पुण्यात कार्यक्रम करून पैसे उभे करून दिले. पुढच्याच वर्षी याच फडक्यांनी रेडिओवर 'गीतरामायण' सुरू केले. बोमार्शे नाटककार, आपल्याकडे गायक आणि संगीतकार. मुक्तीसाठी पैसा उभा करायला कलावंतच का पुढे येतात हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. उधवा-तलासरीच्या बाजूने कम्युनिस्ट कार्यकर्तेही उतरले होते. वारल्यांमध्ये त्यांचे काम १९४५ पासूनचे, गोदावरी परुळेकरांच्या काळापासूनचे. याचा उल्लेख आपल्या स्मरणिकेत सहसा नसतो.

पण विचार करा. पोर्तुगिजांच्या बाजूला कॅप्टन फिदाल्गो आणि त्याच्या हाताखाली सुमारे दीडशे पोलीस होते. बंदुका त्यांच्याकडे चांगल्या होत्या. स्वयंसेवकांकडे होत्या त्या मोजक्या. मग ते लढले का नाहीत? ते सिल्वासा सोडून खानवेलच्या दिशेने निघाले आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आले. कारण दमणहून कुमक येण्याचा रस्ता बंद होता. दमण ते दादरा, दादरा ते नगर हवेली, मध्ये भारताची हद्द. ती ओलांडल्याशिवाय शिपाई येणार नाही, काडतूस येणार नाही. पोर्तुगालने जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भारताकडे वाट मागितली. भारताने ती नाकारली. भारत सरकारने स्वतः सैन्य पाठवले नाही, मुक्त झालेला मुलूख लगेच ताब्यातही घेतला नाही. अधिकृतपणे सगळे स्वयंसेवकांचे काम होते. सात वर्षे आपण कोणाचेच नव्हतो, वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता. आप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले. व्हर्जेनच्या बेनामी पेढीची इथे आठवण येते. दिल्लीने हात बांधून ठेवल्यासारखे दाखवले आणि दार मात्र बंद ठेवले. यॉर्कटाउनला जे काम द ग्रासच्या आरमाराने केले ते इथे वापीच्या नाक्याने केले. म्हणून वाकणकरांचे शौर्य कमी होत नाही. वेढा द्यायला वॉशिंग्टनही लागलाच होता.

पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. वाट अडवली, हा त्यांचा आरोप. आणि तिथे, बंधूंनो, आपला १७७९ चा तह पुन्हा बाहेर आला. त्याचा मराठी मजकूर जगभरच्या न्यायाधीशांसमोर तपासला गेला. पोर्तुगालचे म्हणणे, आम्हाला ही गावे मालकीहक्काने मिळाली. भारताचे म्हणणे, नाही, फक्त सरंजाम दिला होता, म्हणजे उत्पन्न खायचा अधिकार. न्यायालयाने मराठी शब्द तोलून पाहिले आणि सांगितले की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेले नाही, दिले ते उत्पन्न. मात्र पुढे मराठ्यांच्या जागी इंग्रज आले. त्यांनी आणि नंतर भारताने पोर्तुगिजांची सत्ता गृहीत धरून व्यवहार केले, त्यामुळे ती सत्ता मान्य झाली, असेही न्यायालय म्हणाले. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले की खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाटेचा हक्क होता. आठ विरुद्ध सात मतांनी ठरले की सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नव्हता. आणि नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले की भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही.

आठ विरुद्ध सात. एक मत. आणि त्या खटल्यात नानांच्या दरबारातल्या कारकुनाने लिहिलेला एक शब्द, सरंजाम, तपासला जात होता. तो कारकून कोण ते कोणाला ठाऊक नाही, पण एक कारकून म्हणून मला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो. बक्षीसपत्र लिहून गेला असता तर काय झाले असते सांगता येत नाही.

११ ऑगस्ट १९६१ ला आपण भारतात विलीन झालो. करारावर सही करायला आय.ए.एस. अधिकारी बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करावे लागले, कारण सही करायला आपल्या बाजूने कोणीतरी सरकारप्रमुख हवा होता. पोर्तुगालने हे सगळे मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस.

आता रक्कम नावे कोणाच्या पडली, ते पाहू. अमेरिकेत फ्रान्सने एक अब्जाहून अधिक लिव्र घातले. परत काय मिळाले? फार काही नाही. अमेरिकेने १७८५ मध्ये फ्रान्सचे व्याज थांबवले आणि १७८७ मध्ये हप्ते थकवले. डच सावकारांचे पैसे मात्र ती भरत राहिली, कारण पुढचे कर्ज ॲम्स्टरडॅमलाच मिळणार होते. फ्रान्सच्या राजाचा खजिना इतका रिकामा झाला की १७८९ मध्ये त्याला जनतेचे प्रतिनिधी बोलवावे लागले, आणि नंतर काय झाले ते शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. पण सर्वांत मोठी रक्कम भरली ती तहाच्या मेजावर नसलेल्यांनी. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला दिला. त्या मुलखात राहणाऱ्या मूळ जमातींचे त्यात नावही नाही. वनायडा नावाची जमात तर वॉशिंग्टनच्या बाजूने लढली होती. पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्क राज्याने तिची जवळजवळ सगळी जमीन करार करून काढून घेतली.

आणि इथे? पोर्तुगिजांनी अल्वारा नावाच्या पट्ट्यांनी जमिनी वाटल्या. जंगल तोडून शेत करायचे आदिवासीने, पट्टा दुसऱ्याच्या नावावर. अल्वारा घेणाऱ्यांत कोण कोण होते, हे इथल्या जुन्या घरांना मी सांगायला नको. बाहेरून आलेल्यांत पारशी होते, गुजराती होते, आणि आपलीही माणसे होती. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने ही पद्धत संपवली. त्यावर अनेक घरांत अजून कडवट बोलले जाते. मुक्ती १९५४ ला आली, पण ज्याच्या कपाळी १७८३ ची रक्कम चढली होती त्याच्यापर्यंत तिचा पहिला खरा हप्ता पोचायला सतरा वर्षे लागली. तो पूर्ण पोचला का, हे तुम्ही खानवेलच्या पुढे जाऊन बघा.

म्हणून दोन ऑगस्टच्या वादात मला रस उरलेला नाही. पुण्याहून आलेले शूर होते, यात शंका नाही. गोव्याचेही होते. ते आले, जिंकले आणि बहुतेक परत गेले. आपण इथले आहोत. २०२० मध्ये २६ जानेवारीला आपल्या प्रदेशाचे दमण-दीवशी एकत्रीकरण झाले आणि मुख्यालय दमणला गेले. आपल्याला विधानसभा नाही. लोकसभेची सिल्वाशाची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे आणि ती तशीच असायला हवी, असे माझे मत आहे. यावर आपल्यातल्या काहींचा आक्षेप मला माहीत आहे. तो त्यांनी मोकळेपणाने मांडावा, मी चहाला थांबणार आहे.

माझी मंडळाकडे दोन कामे आहेत. पहिले, पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत १९५४ च्या आठवणी घ्यायच्या असतील तर वारली आणि कोकणा वस्त्यांत जाऊन, त्यांच्या बोलीत, त्यांच्या म्हाताऱ्यांकडून घ्या. स्वयंसेवकांना रानातल्या वाटा कोणी दाखवल्या, भाकरी कोणी दिली, हे विचारा. नव्वदीतले फार थोडे उरले आहेत. दुसरे, आपल्या घरांतल्या ट्रंकांत मोडी कागद पडून आहेत. सनदा, पट्टे, वसुलीच्या वह्या. त्यात आपल्याच आजोबांविरुद्ध जाणारे काही निघेल या भीतीने ते दडवू नका आणि रद्दीत तर मुळीच घालू नका. वाळवी लागलेले असतील तरी चालेल. मोडी वाचणारी माणसे पुण्यात आणि मुंबईत आहेत, त्यांच्याकडे नेण्याचा खर्च मंडळाने करावा. पावती मी स्वतः लिहून देईन, कागद नेताना आणि परत करताना, दोन्ही वेळा.